व्याह्यांचा चालता बाहुला

आजवर मला पुष्कळांनी दमवलं. कचेरीतल्या साहेबांनी दमवलं, दाखल्यांसाठी खिडकीत डोकं घालून उभ्या राहणाऱ्यांनी दमवलं, पोटच्या मुलीनेही लहानपणी थोडंफार दमवलं. पण आमच्या व्याह्यांनी मला जसं दमवलं तसं दुसऱ्या कोणाला जमलेलं नाही आणि यापुढे जमेल असं वाटत नाही. बाकीच्यांनी मला कामं सांगून दमवलं. व्याह्यांनी मला नुसतं चालायला लावून दमवलं. साठी उलटलेल्या, दोन्ही गुडघे कुरकुरणाऱ्या माणसाला 'पुन्हा एकदा, आणि जरा नैसर्गिक' असं म्हणत सोसायटीच्या गेटपासून पाण्याच्या टाकीपर्यंत एका सकाळी बावीस वेळा चालवणारा गृहस्थ अख्ख्या पनवेलमध्ये दुसरा नसेल. आणि बाविसाव्या फेरीनंतर त्याच माणसाला 'दमलात वाटतं, ते चालण्यात दिसतंय हो' असं वर ऐकवणारा तर महाराष्ट्रात नसेल.

आमच्या सोसायटीत दोन इमारती आहेत आणि मधून फरशांची वाट. एकीत तळमजल्यावर मी, समोरच्या इमारतीत दुसऱ्या मजल्यावर ते. त्यांचा मुलगा आणि माझी मुलगी या वाटेवरून जाता-येता एकमेकांना पसंत करून मोकळे झाले, आणि वर्षानुवर्षं नुसती मान हलवून ओळख देणारे आम्ही दोघे एकदम व्याही झालो. मुलं बंगळुरूला निघून गेली, आम्ही इथे समोरासमोर उरलो. आता मुलीचा बाप म्हणजे काय, हे मराठी वाचकाला वेगळं सांगायला नको. व्याह्यांपुढे त्याने कमरेत थोडं वाकूनच बोलायचं असतं आणि निघताना दारात उभं राहून 'काही सेवा असेल तर हक्काने सांगा' असं म्हणायचं असतं. हे वाक्य म्हणायचं असतं एवढंच, ते कोणी ऐकत नसतं. मीही ते दर भेटीत म्हणत आलो, कारण गृहस्थ सज्जन. लग्नात मानपान नको म्हणाले, आहेर नको म्हणाले, रुसणं-फुगणं तर नाहीच. फक्त सीमांतपूजनाच्या वेळी पाटावर बसल्या-बसल्या त्यांना मंडपाची कमान वाकडी दिसली. मी पाय धुवायला तांब्या घेऊन पुढे झालो तर पाटावर व्याही नाहीत. ते खिशातली स्टीलची पट्टी काढून कमानीला लावत होते. "डावीकडे सव्वा इंच," असं परत येऊन त्यांनी जाहीर केलं आणि मग निमूटपणे पाय पुढे केले.

लग्नाला वर्ष होण्याच्या आत माझी बायको गेली. तेव्हा व्याही तेरा दिवस रोज सकाळी येऊन माझ्याजवळ बसत. एक अक्षर बोलत नसत. तेराव्या दिवशी उठताना म्हणाले, "तुमच्या दाराची बिजागरी वाजते," आणि घरून तेलाची बाटली आणून ती बिजागरी गप्प करून गेले. सांत्वनाची त्यांची तऱ्हा ही अशी. मलाही त्या वेळी तेवढंच सोसण्यासारखं होतं.

आपट्याच्या अलीकडे नदीकाठी एका कारखान्यात त्यांनी चौतीस वर्षं ड्राफ्ट्समन म्हणून काढली. पंपांची ड्रॉइंगं काढायची, हे काम. पंपाचा पंखा, पंपाचं बूड, पंपाची नळी, वरून कसा दिसतो, बाजूने कसा, मधोमध कापला तर कसा. निवृत्तीच्या समारंभात इतरांनी आभार मानले, हे उठले आणि म्हणाले, "मी चौतीस वर्षं पंप काढले. त्यांतला एकही चालताना पाहिला नाही. ड्रॉइंग खाली जायचं, पंप गाडीत बसून बाहेर जायचा. मी काढलेली एक तरी गोष्ट हलताना बघावी अशी इच्छा आहे." लोकांना वाटलं, विनोद केला. टाळ्या पडल्या. विहीणबाई मात्र मला नंतर म्हणाल्या, "भाऊ, हे विनोद करत नाहीत हो. यांना येतच नाही तो."

मुलाने आई-वडिलांशी समोरासमोर बोलता यावं म्हणून कॉम्प्युटर आणि कॅमेरा बसवून दिला होता. त्यावर मुलाशी बोलून झालं की व्याही उरलेला वेळ इंटरनेटच्या गल्लीबोळांतून हिंडत. एक दिवस त्यांना परदेशातली एक शाळा सापडली. इमारत नाही, बाक नाहीत, सगळी इंटरनेटवरच भरणारी. कार्टूनमधली पात्रं कशी चालवायची, बसवायची, रडवायची, एवढंच तिथे शिकवतात. त्याला कॅरेक्टर ॲनिमेशन म्हणतात. आपण साधा हात वर केला तर दिसायला एक हालचाल, पण या विद्येत सेकंदाला चोवीस चित्रं लागतात आणि चोवीसही चित्रांत हात कुठे आहे ते ठरवावं लागतं. व्याह्यांना हे ऐकून स्वर्ग दोन बोटं उरला. वयाच्या एकसष्टाव्या वर्षी त्यांनी नाव घातलं. वर्गात बाकीचे विद्यार्थी विशीतले, कोणी ब्राझीलचा, कोणी फिलिपिन्सचा, आणि ओळख करून देण्याच्या तासाला सगळे 'हाय, हॅलो' करत असताना आमचे व्याही इस्त्रीचा शर्ट घालून, कपाळाला गंध लावून, हात जोडून पडद्यावर हजर. शिकवणारी मुलगी कॅनडातली, जेमतेम सव्वीस-सत्तावीसची. व्याही तिला 'गुरुबाई' म्हणत. वर्ग आपल्याकडच्या सकाळी साडेसातला असे. "तिकडे अजून कालचीच संध्याकाळ आहे," असं ते अभिमानाने सांगत, जणू आदला दिवस मागे ठेवून घ्यायची सोय त्यांनीच केली होती.

पहिला धडा होता चेंडूचा. चेंडू पडतो, उसळतो, पुन्हा पडतो, एवढंच दाखवायचं. तुम्ही-आम्ही हा धडा अर्ध्या तासात उरकून चहा प्यायला गेलो असतो. व्याह्यांनी पंधरवडाभर घरातली प्रत्येक वस्तू पाडून पाहिली. मोसंबी पाडली, नारळ पाडला, भाच्याचा रबरी चेंडू पाडला, मारुतीच्या देवळातून आलेला प्रसादाचा पेढाही हातातून सोडून पाहिला. विहीणबाईंनी बेसनाचे लाडू केले तर त्यांतला एक जिन्यावरून खाली आला. मी नेमका वर चढत होतो. लाडू दोन पायऱ्या उतरून माझ्या पायाशी फुटला आणि वरून आवाज आला, "उसळला का हो?" त्यावर आतून विहीणबाई म्हणाल्या, "माझा लाडू उसळायला लागला तर मी करायचाच कशाला?" गुरुबाईंनी मात्र त्यांच्या चेंडूचं कौतुक केलं. चेंडूचं वजन कळतं, म्हणाल्या. हे सांगताना व्याह्यांचा चेहरा असा झाला होता की मला त्यांच्या चौतीस वर्षांच्या पंपांची दया आली.

गुरुबाईंची पद्धत अशी होती की दर सोमवारी दुपारी बाराच्या आत आठवड्याचं काम पाठवायचं. मग त्या विद्यार्थ्याचं चित्र बघत बघत त्यावर लाल रेघा ओढून कुठे काय चुकलं ते बोलून पाठवत. काम पाठवणं हाच इकडे एक धडा होता. विमानतळ येणार येणार या नुसत्या बातमीवर आमच्याकडे रस्ते खणायला सुरुवात झाली होती, आणि जो उठेल तो खड्डा खणी आणि त्यात व्याह्यांचीच इंटरनेटची तार तुटे. मग ते कॉम्प्युटरमधलं काम एका चिमुकल्या पेनड्राइव्हमध्ये भरून, रिक्षात बसून कामोठ्याला एका ट्यूशन क्लासच्या ऑफिसात जात आणि तिथल्या पोरांच्या गणिताच्या गोंगाटात पडद्यावरची टक्केवारी मोजत बसत. शंभर टक्के झाले की तिथल्या मास्तरांचे हात हातात घेऊन आभार मानत. मास्तरांना ते काय करतात हे शेवटपर्यंत कळलं नाही, पण त्यांनी आपल्या विद्यार्थ्यांना 'बघा, या वयातही आजोबा फॉर्म भरतायत' असं उदाहरण म्हणून दाखवायला सुरुवात केली होती.

'माणसं बघा,' असं गुरुबाईंनी एका तासाला सांगितलं आणि तिथून पनवेलकरांची साडेसाती सुरू झाली. गव्हाणहून एक मासळीवाली आमच्याकडे दारावर येते. तिला व्याह्यांनी एकदा पाटी उतरवायला लावली, पुन्हा डोक्यावर चढवायला लावली, पुन्हा उतरवायला लावली. वजन उचलताना माणूस आधी गुडघे वाकवतो की पाठ, हे त्यांना बघायचं होतं. तिसऱ्या खेपेला ती कमरेवर हात ठेवून उभी राहिली. "काका, तुमाला मासली घ्यायची हाय का मना कसरत करवायची हाय? आता पाटी उचलायची नाय." व्याही शाकाहारी. त्यांनी मुकाट्याने पापलेटं घेतली आणि माझ्या घरी आणून दिली. मी ती खाल्ली. त्या सगळ्या प्रकरणात माझ्या पदरात काही पडलं असेल तर ती पापलेटं.

आणि मग आला चालण्याचा धडा. पहिल्या सत्राचा तो शेवटचा. शाळेने सगळ्यांना एकच बाहुला दिला होता. त्याला नाक-डोळे नाहीत, केस नाहीत, पायांत मोठे बूट. कॉम्प्युटरमधल्या त्या बाहुल्याचे सांधे हलवून त्याला माणसासारखं चालवायचं. जमलं तर पुढचं सत्र. नाही जमलं तर सगळं सत्र पुन्हा, थेट चेंडूपासून. व्याह्यांनी मला हे सांगितलं तेव्हा ते नेहमीप्रमाणे पट्टीने टेबलावर ठोका देत होते. "व्याहीबुवा, विशीतल्या पोरांना चेंडूपासून परत जायला काही वाटत नाही. मी आता मागे जाणार नाही. हे जमलं नाही तर कॉम्प्युटर मुलाशी बोलायला, बस." असं म्हणून त्यांनी माझ्या पायांकडे पाहिलं. "तुम्ही नेहमी म्हणता ना, सेवा असेल तर सांगा?"

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. तीन वर्षं ज्या वाक्याला कोणी हिंग लावून विचारलं नव्हतं ते त्यांनी जपून ठेवलं होतं. दुसऱ्या दिवसापासून माझं चालणं सुरू झालं. व्याह्यांनी वाटेवर खडूने फुटाफुटावर रेघा मारल्या. सांधे नीट दिसावेत म्हणून विहीणबाईंच्या लाल टिकल्यांचं पाकीट आणलं आणि माझ्या पँटवर दोन्ही गुडघ्यांना, कमरेला, शर्टावर कोपरांना आणि खांद्यांना एकेक टिकली चिकटवली. मग कॅमेरा धरून ते माझ्या बाजूने खेकड्यासारखे चालत. मी पाय टाकायचा, ते थांबवायचे. "डावा हात उजव्या पायाबरोबर जातोय का बघा." साठ वर्षं जो हात आपला आपण जात होता तो कुठे जातोय हे बघायला लागल्यावर तो कुठे जायचा ते विसरला. दोन्ही हात एकदम पुढे येऊ लागले. वॉचमन तोंडावर रुमाल धरून केबिनमध्ये गेला. त्याच दिवशी मी तसाच बाजारात गेलो तर किराणा दुकानदार चाचांनी पुडी बांधता बांधता माझ्या पायांकडे बघितलं. "जनाब, गुडघ्याला टिकली? सब खैरियत ना?" मी म्हटलं, "मुलीच्या सासऱ्यांचं काम आहे." त्यांनी समजुतीने मान हलवली. "मग इलाज नाही. माझ्याही तीन मुली आहेत."

एवढं करून गुरुबाईंनी लाल रेघ ओढली. पाय फरपटतोय, बोटं विनाकारण वळतायत, टाच उशिरा उठते. व्याह्यांनी सगळं पुसून पुन्हा केलं. पुन्हा तेच. त्यांना वाटलं माझे गुडघे दोषी आहेत. म्हणून त्यांनी पोस्टमनला चालवलं, दूधवाल्याला चालवलं, वडाळे तलावाभोवती पहाटे फिरणाऱ्या तीन निवृत्त मास्तरांचं मागून चित्रण केलं आणि त्यांतल्या एकाशी भांडण ओढवून घेतलं. तिसऱ्या आठवड्यात पुन्हा लाल रेघ, तिथेच, त्याच पायावर. त्या दिवशी व्याही जेवले नाहीत. मी समाचाराला गेलो. ते आणि मी पडद्याकडे टक लावून बसलो होतो आणि बाहुला पाय फरपटत फरपटत आमच्यासमोर जात होता. विहीणबाई चहा ठेवायला आल्या, दोन मिनिटं उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "अहो, या मेल्याच्या पायांत बूट आहेत. आणि तुम्ही याला चपलेतलं चालवताय."

आम्ही दोघांनी खाली पाहिलं. माझ्या पायांत चपला. व्याह्यांच्या पायांत स्लिपर. पोस्टमन, दूधवाला, तिन्ही मास्तर, सगळे चपलेत. चप्पल घातलेला माणूस अंगठ्याने ती धरून ठेवतो, पाय पुरता उचलत नाही, टाच सोडून देतो आणि तळवा पुढे नेतो. हे आपण जन्मभर करतो आणि आपल्याला माहीत नसतं. आमच्या पनवेलने त्या परदेशी बाहुल्याला बूट घालून चपलेसारखं चालवलं होतं, आणि तिकडे कॅनडात बसलेल्या पोरीला वाटत होतं की याच्या पायाला काही दुखणं आहे.

चूक सापडली म्हणून मला सुटल्यासारखं वाटलं, ते उगाच. आता मला बुटांत चालायचं होतं. मी कचेरीत सगळी नोकरी चपलेवर काढलेली, माझ्याकडे बूट कुठले? जावईबापूंचे लग्नातले बूट कपाटात होते, ते एक नंबर मोठे. त्यांत कापूस कोंबून मी चाललो आणि कवायतीतल्या शिपायासारखा दिसलो. बाहुलाही तसाच चालला. गुरुबाईंनी या वेळी लाल रेघ ओढली नाही. त्या फक्त म्हणाल्या की आता पाय बरोबर पडतायत, पण आत कोणी नाही. एक आठवडा उरलाय, बघा काही करता येतं का.

त्या आठवड्यात व्याह्यांनी मला एकदाही बोलावलं नाही. पहिले दोन दिवस मी पाय पसरून झोपलो. तिसऱ्या दिवशी चुकल्याचुकल्यासारखं वाटू लागलं. चौथ्या दिवशी मी उगाचच त्यांच्या इमारतीखालून दोनदा गेलो. वर गॅलरीत कोणी नव्हतं. दुपारी बाजारातून भाजी घेऊन यायचो तेव्हा मात्र ते गॅलरीत वाळणाऱ्या कपड्यांमागे उभे दिसत. मी हात करायचो, ते करायचे नाहीत. मला वाटलं, बिचारे खचले.

सोमवारी सकाळी नऊला त्यांचा फोन आला. "येऊन जा. पाठवण्याआधी तुम्ही बघायला हवं." मी गेलो. बाहुल्याच्या पायांत बूट नव्हते. व्याह्यांनी कॉम्प्युटरमध्ये स्वतःच्या हाताने दोन चपला घडवल्या होत्या, अंगठ्याच्या पट्ट्यासकट, मापात, पंपाच्या भागासारख्या नेटक्या. हातात पिशवी दिली होती. त्यांनी बटण दाबलं आणि बाहुला चालू लागला. डाव्या खांद्याला पिशवीचा भार, उजवा गुडघा जरा जपून. नाक नाही, डोळे नाहीत, तरी मला क्षणात कळलं की हा मी. बरा चालत होता. मग चालता चालता त्याचं पाऊल लहान झालं. पुढचं आणखी लहान. तिसऱ्याला मान खाली गेली. चौथ्याला तो जवळजवळ थांबला, आणि मग हात खिशाकडे गेला, किल्लीसाठी.

"हे कधी घेतलंत?" मी विचारलं.

"मी दोन वर्षं बघतोय गॅलरीतून," व्याही पडद्याकडेच बघत म्हणाले. "घर जवळ आलं की सगळी माणसं भरभर चालतात. पोस्टमनसुद्धा, त्याचं घरही नसतं ते. तुम्ही एकटेच हळू होता. पूर्वी होत नव्हता."

पूर्वी मला किल्ली लागत नसे. माझं पाऊल वाटेवर वाजलं की ती आतून कडी काढायची. हे मी कोणाला सांगितलं नव्हतं. मी स्वतःलाही सांगितलं नव्हतं. मला संताप आला. खरं म्हणजे लाज वाटली, आणि लाज वाटली की मला संताप येतो. तीन वर्षं व्याह्यांपुढे वाकून बोलणारा मी ताठ उभा राहिलो आणि म्हणालो, "नाही. हे पाठवायचं नाही."

व्याह्यांनी वाद घातला नाही. "बरं," ते म्हणाले. त्यांनी ती चाल बंद केली आणि बुटातली, कवायतीची चाल काढली. ती पाठवली म्हणजे काय होणार हे त्यांना माहीत होतं, मलाही माहीत होतं. त्यांनी पट्टी उचलून खणात ठेवली. खण हळूच लोटला. विहीणबाई स्वयंपाकघराच्या दारात उभ्या होत्या. मी जिना उतरलो.

वाटेवर आलो. सकाळची वेळ, ऊन अजून तापलं नव्हतं, अंगावर ना पिशवी ना टिकल्या. माझ्या दारापर्यंत फार तर पंचवीस पावलं. मी ठरवलं, सरळ जायचं, एका लयीत. आणि दार चार पावलांवर आलं तसे माझे पाय आपोआप लहान पडू लागले. मी थांबवू शकलो नाही. खिशाकडे गेलेला माझा हात मी स्वतः पाहिला. दाराबाहेर मी बराच वेळ तसाच उभा राहिलो. मनात आलं, दोन वर्षांत इतक्या जणांनी मला 'कसे आहात' म्हणून विचारलं आणि मी सगळ्यांना 'मजेत' म्हणून सांगितलं. एका माणसाने विचारलं नाही. त्याने नुसतं बघितलं, मोजलं, आणि एकेका सेकंदाची चोवीस चोवीस चित्रं काढून ते जसंच्या तसं उतरवलं. माझ्यासाठी इतकं बारकाईने कोण बसलं होतं?

मी परत वर गेलो तेव्हा साडेदहा वाजले होते. व्याही तसेच बसले होते, काहीच पाठवलं नव्हतं. मी म्हटलं, "चपलेतला पाठवा." त्यांनी मान वर करून विचारलं, "नक्की?" मी म्हटलं, "पाठवा हो. मुलीच्या बापाला दोनदा विचारू नये." मग आम्ही दोघे टक्केवारी मोजत बसलो. तार त्या दिवशी कोणी तोडली नाही. विहीणबाईंनी पोहे दिले, मिरच्या जरा जास्त होत्या, त्यामुळे माझ्या डोळ्यांतल्या पाण्याबद्दल कोणाला काही विचारावं लागलं नाही. पावणेबाराला काम गेलं.

गुरुबाईंचं उत्तर चार दिवसांनी आलं. त्यांनी बाहुल्याला तीनदा चालवून पाहिलं. लाल रेघ ओढली नाही. म्हणाल्या, पाय अजूनही फरपटतोय, पण राहू दे, त्याचाच आहे तो. पास. आणि मग त्यांनी विचारलं, हा माणूस बरा आहे ना? व्याह्यांनी त्याच दिवशी आपल्या ड्रॉइंग ऑफिसच्या इंग्रजीत उत्तर लिहून मला वाचून दाखवलं. त्याचा मराठी मतलब असा, की आदरणीय बाई, सदर गृहस्थ आमचे व्याही असून त्यांच्या प्रकृतीत सुधारणा आहे.

सुधारणा होती की नाही कोण जाणे, पण त्या दिवसापासून मी वाटेवर आलो की गॅलरीतून विहीणबाई 'आधी इकडे जेवून जा' म्हणत, आणि कधी मी मुद्दाम टणाटण पावलं टाकत दाराकडे गेलो की व्याही वरून ओरडत, "खोटं चालताय, व्याहीबुवा!" सोसायटीतली माणसं बघत. मी थकून हात जोडायचो आणि त्यांच्या जिन्याकडे वळायचो.

पुढे मुलांना बाळ झालं आणि व्याही-विहीणबाई दोघांना बंगळुरूला जावं लागलं. कॉम्प्युटर बरोबर गेला. व्याही तिथे तिसऱ्या सत्रात आहेत. आता बाहुल्याला बोलायला शिकवतायत आणि नातवाला चालायला, दोन्हीकडे सारखीच पट्टी लावून. नातू कसा पडतो याचं त्यांनी केलेलं वर्णन ऐकून माझी मुलगी घाबरते. दर रविवारी फोन येतो. हल्ली ते म्हणतात, "वर्ष झालं तुम्हाला पाहून. एक चालतानाचा व्हिडिओ पाठवा, बघू काय फरक आहे." मी पाठवतो म्हणतो आणि पाठवत नाही. त्यांना वाटतं मी कंटाळा करतोय. परवा मी फोन पायरीवर उभा करून, शेजाऱ्यांच्या कठड्याला टेकवून, सगळं करून पाहिलं. पण वाटेवर आलो की आपण बघितले जातोय हे लक्षात येतं आणि दोन्ही हात एकदम पुढे येतात. आपण खरं कसं चालतो ते टिपायला समोर, आपल्याला न कळता, कोणीतरी उभं असावं लागतं. त्यांच्या गॅलरीचं दार बंद असतं, आणि मी भाजी घेऊन येताना अजूनही वर बघतो.